एका सुताचा गुन्हा

लोखंड ओतल्यावर निवताना आटतं. हे मला ठाऊक, आमच्या फौंड्रीत वाळू चाळणाऱ्या तानूबाईला ठाऊक, पण आमच्या मोठ्या साहेबांना ठाऊक नव्हतं. बरं, नसेल. जिल्हा कसा चालवतात हे मला तरी कुठं ठाऊक आहे? पण मी कधी कलेक्टरच्या कचेरीत जाऊन त्याला सातबारा शिकवला नाही. आमच्यात फरक काय तो एवढाच, आणि त्यापायी एका माणसाचं वाटोळं झालं. मी ते उघड्या डोळ्यांनी बघितलं, म्हणून सांगतो.

साल एकोणीसशे एकोणसाठ. बेंगळूरच्या तुमकूर रस्त्याला आमचा पंपांचा सरकारी कारखाना. मी तिथं फौंड्रीत चार्जहँड, म्हणजे लोखंड ओतणाऱ्या वीसेक माणसांवरचा मुकादम. नाव ज्योतिबा, गाव खानापूरकडचं. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि साहेबापुढं येईल ती मोडकी इंग्रजी, असा आमचा कारभार. त्यात अठ्ठावन्नच्या शेवटी दिल्लीहून हुकूम आला आणि उपेंद्र सरवटे आमचे जनरल मॅनेजर झाले. इंदूरचे. सगळी हयात महसुलात आणि कोर्टकचेरीत गेलेली. मराठी साहेब आला म्हणून आम्ही मराठी मंडळी अशी हरखलो की विचारू नका. गणपतीला बोलावून शाल दिली, नारळ दिला. आपला माणूस वर बसला म्हणजे आपलं ऐकणार, असं आम्हाला वाटलं. कसलं ऐकतोय.

साहेबांना सगळं येत होतं. कँटीनच्या उडुपी भटाला इडलीचं पीठ किती तास आंबवायचं ते सांगून झालं. कॉलनीच्या डॉक्टरला मलेरिया कसा ओळखायचा ते सांगून झालं. माळ्याला सांगून गुलाब गुलमोहराच्या सावलीत लावून घेतले. गुलाब मेले आणि माळ्याला मेमो मिळाला. तेव्हा आम्ही हसलो होतो. माळी तमिळ होता, त्याचं आम्हाला काय.

पण साहेबांचा खरा अभिमान मापाचा. कलेक्टर असताना त्यांनी कापडबाजारावर धाडी घालून आखूड गज वापरणारे चाळीस व्यापारी पकडले होते. पेपरात फोटो आला होता, तो केबिनमध्ये खुर्चीमागं टांगलेला. त्यात नेमकं तेव्हाच देशात नवे मीटर आणि किलो येत होते, त्यामुळं साहेबांना चेव चढलेला. कोटाच्या खिशात स्टीलची घडीची पट्टी कायम. बोलता बोलता समोरच्या टेबलाची जाडी मोजायचे.

आता कल्लाप्पाण्णाचं सांगतो. कल्लाप्पा सुतार आमचा हेड पॅटर्नमेकर, वय पन्नाशीचं, बिडीकाडीचंसुद्धा व्यसन नाही. पंपाचा जो भाग ओतायचा त्याचा आधी लाकडाचा नमुना करतात, तोच पॅटर्न. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि मागं राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. पण रस निवताना लोखंड फुटामागं एक सूत आटतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दर मापाला आकडेमोड नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच वाढीव असते, तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत लांब. सगळ्या जगात हीच रीत आहे. अण्णाची पट्टी शिसवी लाकडाची, दोन फुटी, हुबळीच्या रेल्वे कारखान्यात त्याच्या उस्तादानं स्वतः आखून दिलेली. त्या पट्टीनं केलेला पॅटर्न माप चुकलं म्हणून परत आलाय, असं मी बारा वर्षांत एकदाही बघितलं नाही. मला या कारखान्यात चिकटवलं तेही अण्णानंच.

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, बेंगळूरात यंत्र चालत नाही. लेथला झेंडूचे हार, दाराला केळीचे खुंट, उंबऱ्यात फोडायला कुंकू भरलेला कोहळा. आमच्या पॅटर्न शॉपमध्ये चौरंगावर पटाशा, रंधे, करवती मांडायच्या आणि सगळ्यांच्या मधोमध अण्णाची पट्टी, असं ठरलेलं. त्या वर्षी सरवटेसाहेब स्वतः पूजेला आले. बरोबर आमचे फौंड्री सुपरिंटेंडेंट विद्याधर नेने. नेनेसाहेब पुण्याचे, विलायतेत दोन वर्षं ओतकाम शिकून आलेले, पुस्तकी ज्ञानात त्यांचा हात धरणारा आमच्याकडं कोणी नव्हता.

साहेबांनी आरती घेतली आणि मराठीत विचारलं, एवढी हत्यारं असताना मध्ये ही पट्टी कशासाठी? एरवी अण्णा कुणा साहेबापुढं तोंड उघडायचा नाही. पण मोठा साहेब आपल्या भाषेत विचारतोय म्हटल्यावर गडी फुलला. इंग्रजी साहेब असता तर अण्णा नुसता हात जोडून उभा राहिला असता आणि वाचला असता. त्यानं दोन्ही हातांनी पट्टी उचलून साहेबांपुढं धरली.

"ही साधी पट्टी नव्हं साहेब. खऱ्या फुटापेक्षा ही एक सूत मोठी आहे की."

साहेबांचा चेहरा पालटला. त्यांनी खिशातली पट्टी काढली आणि दोन्ही पट्ट्या चौरंगावर, तिथल्या हळदीकुंकवात शेजारी शेजारी ठेवल्या. दोन फुटांत दोन सुतांचा फरक. बरोबरच होतं, तेवढाच असायला पाहिजे.

"हे खोटं माप आहे," साहेब म्हणाले.

"खोटं नव्हं साहेब. लोखंड आटतंय, म्हणून..."

"किती वर्षं वापरतोस?" तुम्हीवरून साहेब तूवर आले होते.

"तीस वर्षं झाली."

मग साहेब आमच्याकडं वळले आणि बाजारात पंचनामा करतात तसं बोलायला लागले. फुटामागं एक सूत जादा लाकूड. तीस वर्षं. हे जादा लाकूड पुरवणार कोण, तर ठेकेदार. म्हणजे यांचं नि ठेकेदाराचं साटंलोटं. आणि पकडलं की सबबही तीच. त्यांनी पकडलेल्या चाळीस व्यापाऱ्यांतल्या प्रत्येकानं हेच सांगितलं होतं, साहेब, कापड आटतं. धान्यवाल्यांनी सांगितलं होतं, धान्य सुकतं. आता लोखंड आटायला लागलं. साहेब हसले, आणि त्यांच्याबरोबर आलेले कचेरीतले चार लोकही हसले.

नेनेसाहेब पुढं सरकले. म्हणाले, सर, श्रिंकेज अलाउन्स म्हणून एक प्रकार... साहेबांनी नुसता पंजा वर केला.

"नेने, माप हा माझा विषय आहे."

झालं. विलायतेची दोन वर्षं त्या पंज्यापुढं विरघळली. जर्मनीला पाठवायच्या इंजिनियरांच्या यादीत नेन्यांचं नाव होतं, आणि यादीवर सही साहेबांची व्हायची होती.

अण्णानं माझ्याकडं बघितलं. रोज ओततो मी. लोखंड आटताना रोज बघतो मी. साहेब, उद्या फौंड्रीत या, तुमच्यासमोर ओतून दाखवतो, एवढं एक वाक्य पुरं होतं. पण माझ्या फोरमनच्या बढतीचा कागदही त्याच टेबलावर पडला होता. मी मूग गिळून कोहळ्याकडं बघत राहिलो. माझी मलाच आज शरम वाटते, पण तेव्हा वाटली नाही. तेव्हा मला वाटलं, साहेबाचा राग आहे, दोन दिवसांत उतरेल.

उतरला नाही. तिसऱ्या दिवशी अण्णाची धरून शॉपमधल्या सातही वाढीव पट्ट्या जप्त झाल्या. कारखान्याच्या पत्रकासाठी फोटो काढून, अंगणात त्या मोडून जाळल्या. अण्णाला मेमो आला. साहेबांनी दयाही दाखवली बरं का. पट्टी खोटी होती आणि मी माफी मागतो, एवढं लिहून दिलं तर नुसता दंड करून सोडून देऊ म्हणाले. मी आणि नेनेसाहेब दोघं अण्णाच्या क्वार्टरवर गेलो. मी म्हटलं, अण्णा, स्वल्प वाकलास तर काय बिघडतंय, कर की सही. नेनेसाहेब म्हणाले, कागदाला काय किंमत आहे.

"कागदालाच तर किंमत आहे साहेब," अण्णा म्हणाला. "माझी पट्टी खोटी म्हणून मी लिहून दिलं, तर आजवर मी केलेलं सगळंच खोटं. त्यापेक्षा त्यांनीच लिहू दे, पट्टी खरी होती म्हणून. मला दुसरं काय नको."

डिसेंबरात त्याला काढून टाकलं. कागदावर कारण काय, तर खोटं माप वापरून सरकारची फसवणूक. असला कागद घेऊन माणूस कुठं जाणार? अण्णा तीन कारखान्यांत जाऊन आला. तिथले फोरमन त्याला ओळखत होते, खुर्ची देत होते, हळहळत होते. पण कागद वाचला की वरचे लोक म्हणायचे, पुढं बघू. क्वार्टर सोडावं लागलं. कलासीपाळ्यात एका खोलीत बिऱ्हाड थाटलं आणि अण्णा दुकानांच्या फळ्या नि स्टुलं करायला लागला. पंपाच्या पोटातले वळसे डोळे मिटून कोरणारा माणूस तो.

इकडं आमच्याकडं काय झालं ते ऐका. साहेबांनी एक इन्स्पेक्टर नेमला. त्याचं काम एकच, प्रत्येक पॅटर्न खऱ्या पट्टीनं नकाशाशी ताडून बघायचा. एक केस जादा दिसला तरी परत. त्यामुळं गुपचूप वाढवून करायचीही सोय राहिली नाही. पॅटर्नवाले खाली मान घालून नकाशाबरहुकूम करायचे, मी ओतायचो. माहीत असून ओतायचो. चार फुटी पंपाची बॉडी अर्धा इंच आखूड निघायची. वरची बाजू बसवायला गेलं की बोल्टाची भोकं जुळायची नाहीत. पहिली बॉडी गेली, दुसरी गेली. साहेब म्हणाले, कोळसा खराब आहे. कोळसा बदलला. मग म्हणाले, वाळू ओली आहे. मग म्हणाले, कामगारांत शिस्त नाही, आणि आम्हाला सकाळी कवायत लावली. खरं सांगतो, फौंड्रीतली पन्नाशीची माणसं अर्ध्या चड्डीत कवायत करत होती, आणि लोखंड आपलं आटायचं तेवढं आटतच होतं.

अकरा बॉड्या भंगारात गेल्यावर दिल्लीहून तार आली. तेव्हा नेनेसाहेबांनी पहिल्यांदा धीर केला. म्हणजे काय केलं, तर विलायतेचं एक जाडजूड पुस्तक त्या पानावर खूण घालून साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. तोंडानं एक अक्षर बोलले नाहीत. साहेबांनी ते पान वाचलं असणार. कारण आठ दिवसांत परिपत्रक निघालं. सखोल अभ्यासाअंती व्यवस्थापनाच्या असं लक्षात आलं आहे की ओतीव लोखंड थंड होताना फुटामागं एक अष्टमांश इंच आकसतं, सबब यापुढं सर्व पॅटर्न त्या प्रमाणात वाढवून करावेत, जनरल मॅनेजरांनी निश्चित केलेल्या पद्धतीनं. नव्या पट्ट्या मद्रासहून मागवल्या. साहेबांनी टाउन हॉलमध्ये कुठल्याशा संस्थेपुढं या शोधावर भाषण केलं, तेही पेपरात आलं. मी वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. चीड आली, पण नोकरी करणाऱ्याची चीड ती, घरच्या उंबऱ्यापलीकडं गेली नाही.

मला वाटलं, आता अण्णाचं काम झालं. कारखान्यानंच लिहून दिलंय की लोखंड आटतं, मग पट्टी खरी ठरलीच. मी अण्णाचा अर्ज इंग्रजीत लिहिला. उत्तर नाही. दुसरा लिहिला. उत्तर आलं, जुनं प्रकरण बंद झालेलं आहे. नेनेसाहेबांना विचारलं, तर ते हळू आवाजात म्हणाले, अरे, पट्टी खरी होती म्हणून लिहायचं म्हणजे साहेब चुकले म्हणून लिहायचं. ते कोण लिहिणार? त्यांचं जर्मनीचं तिकीट तोवर आलं होतं. आणि मी फोरमन झालो होतो, तेही सांगून टाकतो.

तिसऱ्या अर्जाचं उत्तर घेऊन मीच कलासीपाळ्याला गेलो. अण्णा दाराशी बसून विकायचा पोळपाट काचकागदानं घासत होता. त्याची बायको कस्तुराबाई आत चुलीपाशी. मी कागद वाचून अर्थ सांगितला. साहेबांनी उदार मनानं ठरवलंय की अण्णाला परत घ्यायचं. पण जुना माणूस म्हणून नाही. नव्यानं शिकाऊ म्हणून. साहेबांच्या नव्या पद्धतीचा एक महिन्याचा वर्ग आहे, तो करायचा, शेवटी साहेबांच्या सहीचं प्रमाणपत्र मिळेल. प्रमाणपत्रात लिहिलेलं असेल, यांना योग्य मोजमाप करता येतं.

अण्णानं पोळपाट बाजूला ठेवला. मग विचारलं, पट्टी खरी होती, तेवढं लिहून देतात का? मी म्हटलं, नाही. कस्तुराबाई हात पुसत बाहेर आली. मला तिनं पोटच्या पोरासारखं जेवू घातलं होतं, म्हणून तिचा अधिकार मोठा.

"जोतिबा, त्या दिवशी तू तिथं होतास ना रे?"

"होतो अक्का."

"मग हा कागद घेऊन यायला तुझे पाय कसे वळले?"

अण्णानंच तिला गप्प केलं. कागद माझ्या हातातून घेतला, उलटा सुलटा बघितला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"माप येतं, असं लिहिणार म्हणतोस. साहेबाच्या सहीनं."

"हो."

"सरी, बरं तर," अण्णा म्हणाला. "तेवढं तर तेवढं. कुठंतरी लिहिलेलं असू दे."

वर्ग कँटीनशेजारच्या हॉलमध्ये भरला. सोळा पोरं, सगळी नुकती मिसरूड फुटलेली, आणि पहिल्या बाकावर अण्णा, टोपी मांडीवर ठेवून. मागच्या भिंतीशी खुर्च्या टाकून आम्ही अधिकारी मंडळी. नेनेसाहेब जर्मनीला निघण्याआधीचा तो आठवडा, तेही होते. सरवटेसाहेबांनी फळ्यावर पंपाचं चित्र काढलं. चांगलं काढलं नव्हतं. मग खडूनं एक रेघ मारली, तिच्याखाली दुसरी थोडी आखूड, आणि लोखंड कसं आटतं ते पाऊण तास समजावून सांगितलं. शेवटी अण्णाला उभं राहायला सांगितलं. म्हणाले, कल्लाप्पा, समजलं का? अण्णा म्हणाला, समजलं साहेब.

साहेब खूष झाले. पोरांकडं बघून म्हणाले, बघा, या माणसाची हयात लाकडात गेली, आणि एवढी साधी गोष्ट यांना शास्त्रशुद्ध कुणी सांगितली नाही. मग अण्णाकडं वळून, अगदी मायेनं, विचारलं:

"का हो, इतक्या वर्षांत हे माहीत असणारा एकही माणूस इथं नव्हता?"

"होते साहेब," अण्णा म्हणाला. त्यानं मागं वळून बघितलं नाही. "माहीत असणारे शेजारीच उभे होते. बोलले नाहीत."

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले. "हेच आपल्या देशाचं दुखणं आहे." आणि पुसायला फळ्याकडं वळले. नेनेसाहेब पेनाचं टोपण लावत आणि काढत बसले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मागं बघितलं, तेव्हा मीही वाजवल्या.

वर्ग सुटल्यावर अण्णा व्हरांड्यात एकटाच उभा होता. मी जवळ गेलो. म्हटलं, अण्णा, चल, कँटीनमध्ये कपभर कापी घेऊ. त्यानं टोपी घातली, दोन पावलं मागं सरकून मला वाट करून दिली. बारा वर्षांत त्यानं मला अरेजारेशिवाय हाक मारली नव्हती.

"नको साहेब," अण्णा म्हणाला. "तुम्ही व्हा पुढं."